ट्रॅक्टरचे अपघात : दुखापती, उपचार आणि कायदेशीर जबाबदारी

वार्षिक अहवालात जमाखर्च आणि विभागवार कार्याच्या आढाव्याबरोबरच आरोग्याच्या एखाद्या प्रश्नावर सविस्तर लेख द्यावा, असा आमचा प्रघात आहे. या वर्षी आम्ही ट्रॅक्टरचे अपघात हा विषय निवडला आहे. ऊस, द्राक्षे आणि भाजीपाला पिकविणाऱ्या या परिसरात ट्रॅक्टर नाही असे गाव उरलेले नाही आणि ट्रॅक्टरमुळे जखमी झालेला रुग्ण आमच्या अपघात विभागात आला नाही, असा महिना आम्हांस आठवत नाही. मोटारसायकल आणि हेल्मेट यांविषयी पुष्कळ बोलले जाते, लिहिले जाते. बांधावर उलटलेल्या ट्रॅक्टरची बातमी मात्र वर्तमानपत्राच्या तालुका पानापलीकडे सहसा जात नाही.

या रुग्णांच्या बाबतीत एक गोष्ट आमच्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना सतत जाणवत आली आहे. अपघात नेमका कसा झाला, हे सोबत आलेली मंडळी बहुधा सांगत नाहीत. ‘पाय घसरला’, ‘विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली’, ‘म्हशीने ढकलले’ असे काहीतरी सांगितले जाते. आणि इकडे रुग्णाच्या पोटावर टायरच्या नक्षीचे वळ स्पष्ट दिसत असतात. यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. ट्रॅक्टर चुलतभावाचा असतो किंवा ज्याच्याकडे रोजंदारी मिळते त्या मालकाचा असतो. चालविणाऱ्याकडे परवाना नसतो, कधी तो सोळा वर्षांचा मुलगाच असतो, विम्याची मुदत संपून गेलेली असते. पोलिसांचे लचांड नको, असे सर्वांनाच वाटते. परंतु केसपेपरवर पहिल्या तासात लिहिल्या जाणाऱ्या त्या एका ओळीवर रुग्णाचे उपचार आणि पुढे त्याच्या कुटुंबाची भरपाई या दोन्ही गोष्टी किती अवलंबून असतात, हे येथे सांगावे असा आमचा हेतू आहे.

प्रथम ट्रॅक्टर का उलटतो ते पाहू. त्याची रचना अवजार ओढण्यासाठी केलेली असते. मागची चाके मोठी, बरेचसे वजन मागच्या आसावर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून बराच वर. मागची चाके चिखलात रुतून जागीच अडकली आणि चालकाने रेस वाढवून क्लच एकदम सोडला, तर चाके फिरू शकत नाहीत म्हणून इंजिनाची शक्ती सबंध ट्रॅक्टरलाच त्या आसाभोवती फिरवू लागते. पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे, म्हणजे चालकाच्या अंगावर येतो. रुतलेली ट्रॉली किंवा झाडाचे खोड ओढताना साखळी खालच्या हुकाऐवजी वरच्या बाजूला बांधली, तर हेच अधिक लवकर घडते. ट्रॅक्टर उलटू लागला तर उडी मारता येते, असे अनुभवी चालकही आम्हांला सांगतात. पूर्ण उलटण्यास साधारण दीड सेकंद लागतो आणि सावरण्याची संधी त्याच्या निम्म्या वेळातच संपलेली असते. तेवढ्यात क्लच दाबणेही कठीण, उडी तर दूरच राहिली.

कुशीवर उलटण्याची कारणे निराळी असतात. कालव्याच्या भरावाची कड ढासळते, बांध ओलांडताना एका बाजूचे चाक वर चढते, किंवा उताराच्या वळणावर वेग अधिक असतो. वेग दुप्पट झाला की वळणावर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. आणखी एक कारण फारसे लक्षात घेतले जात नाही. शेतात आखूड वळण घेता यावे म्हणून ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या मागच्या चाकांसाठी ब्रेकची दोन स्वतंत्र पेडल असतात. रस्त्यावर येताना ती एकमेकांस जोडून घ्यायची असतात. न जोडता वेगात असताना एकच पेडल दाबले गेले, तर ट्रॅक्टर एका बाजूस खेचला जाऊन उलटतो.

याला उपाय नाही असे नाही. स्वीडनने १९५९ सालापासून नव्या ट्रॅक्टरांवर चालकाभोवतीची संरक्षक चौकट सक्तीची केली आणि पुढील काही दशकांत तेथील उलटण्याने होणारे मृत्यू जवळजवळ नाहीसे झाले. आपल्याकडे ही चौकट नसलेले ट्रॅक्टर सर्रास दिसतात. जिथे चौकट आहे तिथे पट्टा बांधलेला नसतो, आणि पट्टा नसेल तर माणूस बाहेर फेकला जाऊन त्या चौकटीखालीच सापडतो. द्राक्षबागेत मांडवाखालून जाण्यासाठी चौकट दुमडावी लागते हे आम्ही जाणतो. बागेबाहेर पडल्यावर ती पुन्हा उभी करण्यास दोन मिनिटे पुरतात.

दुसरा मोठा धोका न चालणाऱ्या ट्रॅक्टरचा आहे. रोटाव्हेटर, मळणी यंत्र किंवा फवारणीचा पंप चालविणारा पी.टी.ओ. शाफ्ट सामान्यतः मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. आठ सेंटिमीटर जाडीच्या शाफ्टवर एका सेकंदात दोन मीटरहून अधिक कापड गुंडाळले जाते. पदर, ओढणी, उपरणे किंवा सैल बाहीचे टोक त्यात सापडले, तर हात मागे घेण्याचा विचार मनात येण्यापूर्वीच हात आत गेलेला असतो. वेणी अडकून डोक्याची संपूर्ण त्वचा निघालेल्या स्त्रियांवर उपचार करण्याचा प्रसंग शल्यचिकित्सकास कधीही विसरता येत नाही. या शाफ्टवर प्लास्टिकचे आवरण येते. ते तुटल्यावर नवे आणण्याची तसदी फार थोडे लोक घेतात, आणि याविषयी आम्हांला खरोखर राग आहे, कारण एका शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे त्या आवरणाची किंमत काहीच नाही.

आता उपचारांकडे वळू. ट्रॅक्टरखाली सापडलेल्या माणसाला बाहेरून जखम थोडी आणि आत इजा मोठी, असे पुष्कळदा आढळते. मांडीचे हाड मोडल्यास एक ते दीड लिटर रक्त मांडीतच साचू शकते. कंबरेचा सांगाडा फुटल्यास त्याहून अधिक. छाती दाबली गेली असेल तर फासळ्या मोडून फुप्फुसास इजा होते. जखमेत माती आणि शेण गेलेले असते, त्यामुळे धनुर्वात व वायुकोथ यांचा धोका असतो. म्हणूनच शेतातील उघडी जखम आम्ही लगेच टाके घालून बंद करीत नाही. ती धुऊन, मृत मांस काढून उघडी ठेवतो आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेतो. ‘एवढी जखम उघडी का ठेवली’ असे नातेवाईक विचारतात. त्यांचा रोष आम्ही समजू शकतो, पण ती बंद केली तर पाय गमवावा लागण्याचा संभव असतो.

पाय किंवा मांडी बराच वेळ चाकाखाली दबून राहिली असेल तर आणखी एक संकट संभवते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवरील बाँबवर्षावात ढिगाऱ्याखाली तासन्‌तास सापडलेले लोक सुखरूप बाहेर काढल्यावर काही दिवसांनी मूत्रपिंडे निकामी होऊन मरण पावत, हे १९४१ साली बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी नोंदविले. चिरडलेल्या स्नायूंतील पोटॅशियम व इतर द्रव्ये दाब सुटताच रक्तात येतात. पोटॅशियमने हृदय बंद पडू शकते, स्नायूंतील रंगद्रव्याने मूत्रपिंडे तुंबतात आणि लघवी चहासारखी गडद होते. शिरेतून सलाईन लवकर सुरू केल्यास पुष्कळ रुग्ण वाचतात, डायलिसिसची पाळीही टळते. पण त्यासाठी रुग्ण किती वेळ दबलेला होता हे डॉक्टरला कळले पाहिजे. ‘पायऱ्यांवरून पडला’ असे ऐकणारा डॉक्टर हाडाचा एक्स-रे काढील. पोटॅशियमची तपासणी पहिल्याच मिनिटाला मागविणे त्याला सुचेलच असे नाही.

घटनास्थळी काय करावे, याविषयी थोडेसे. सर्वप्रथम इंजिन बंद करावे आणि चाकांना दगड लावावेत. घाईत दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढू लागले की उलटलेला ट्रॅक्टर पुन्हा घसरतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. छाती किंवा पोट दबले असेल तर एक क्षणही न थांबता वजन उचलावे. फक्त पाय अडकला असेल आणि तासाहून अधिक काळ लोटला असेल, तर रुग्णवाहिकेतील डॉक्टर पोहोचून सलाईन लागेपर्यंत थांबता आल्यास थांबावे. मानेला वा पाठीला इजा असल्याची शंका असेल तर रुग्णाला हातापायांस धरून उचलू नये. दाराची फळी किंवा बाज वापरावी. रक्तस्राव स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावा. बोट वा हात तुटला असल्यास तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. थेट बर्फात ठेवलेला भाग जोडण्याच्या कामी येत नाही. जखमीला आणणाऱ्या परक्या माणसाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चे संरक्षण आहे, त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. आणि पोलिसांची वाट न पाहता आधी उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सांगितले आहे.

यापुढील भाग कायद्याचा आहे. आम्ही वकील नाही; संस्थेच्या कायदेविषयक सल्लागारांकडून तो तपासून घेतला आहे.

शेतातला ट्रॅक्टर म्हणजे अवजार, त्याला मोटारीचे नियम कसले, असा समज सर्वत्र आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रॅक्टरची व्याख्याच ‘मोटार वाहन’ अशी सुरू होते. त्यामुळे नोंदणी, परवाना आणि तृतीय पक्षाचा विमा ही बंधने त्याला लागू आहेत, आणि त्याच्या अपघाताची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मागता येते. विम्याची सक्ती ‘सार्वजनिक जागी’ वापरल्या जाणाऱ्या वाहनाला असल्याने शेतातील अपघाताबाबत विमा कंपन्या हरकत घेतात. येथे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा १९८० च्या दशकातील निकाल उपयोगी पडतो. लोकांना जिथे हक्काने किंवा परवानगीने जाता येते अशी खासगी जागाही ‘सार्वजनिक’ ठरू शकते, असा त्याचा आशय आहे. तसेच उभ्या ट्रॅक्टरवर मळणी चालू असताना झालेली इजा ‘वाहनाच्या वापरातून’ झाली का, असा प्रश्न येतो. पुणे–बंगळूर महामार्गावर १९८७ साली उलटलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनी स्फोट होऊन अनेक गावकरी दगावले होते. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ‘वापर’ या शब्दाचा अर्थ व्यापक घेतला आणि वाहन चालत असलेच पाहिजे असे नाही, हे स्पष्ट केले. प्रत्येक दाव्याचा निर्णय अर्थात त्याच्या वस्तुस्थितीवर होतो.

सर्वांत अधिक हानी होते ती एका साध्या गोष्टीच्या अज्ञानाने. ट्रॅक्टरला आसन एकच असते, चालकाचे. मडगार्डवर बसलेला मुलगा किंवा ट्रॉलीत उभ्या असलेल्या बाया यांची जोखीम नेहमीच्या शेती-विम्यात येत नाही. रस्त्याने जाणारा मोटारसायकलस्वार उसाच्या ट्रॉलीवर आदळला तर तो तृतीय पक्ष ठरतो आणि विमा कंपनी बांधील असते. त्याच ट्रॉलीतून पडलेली मजूर स्त्री बहुधा तशी ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये मातीच्या ट्रॉलीवरील एका मजुराच्या प्रकरणात विमा कंपनी बांधील नसल्याचे मान्य केले, मात्र विशेष अधिकार वापरून कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश दिला. २०१८ मध्येही ट्रॅक्टरवर बसून जाणाऱ्याच्या बाबतीत असाच आदेश झाला. जखमीला यात दिलासा मिळतो, पण शेवटी ते पैसे ट्रॅक्टरमालकाच्या जमिनीतून निघतात. पॉलिसी घेतानाच मजुरांसाठी जादा हप्ता भरलेला आहे का आणि ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी व विमा आहे का, हे मालकाने पाहिले पाहिजे.

मालक स्वतःच चालवीत असताना उलटून दगावला, तर तो तृतीय पक्ष नसतो. त्याच्या कुटुंबाला आधार असतो तो मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याचा, ज्याची रक्कम १५ लाख रुपये आहे. त्यासाठी त्याच्याकडे वैध परवाना हवा. परवान्याविषयीचा एक जुना गोंधळ आता मिटला आहे. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली एवढ्यावरून परवाना निरुपयोगी होत नाही, असे २००१ मध्येच ठरले होते, आणि हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्यास साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालविता येते, यावर घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केले. अल्पवयीन मुलाच्या हाती चाक देणाऱ्या पालकाला वा मालकाला मात्र २०१९ च्या दुरुस्तीनुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दलची शिक्षाही भारतीय न्याय संहितेने दोनवरून पाच वर्षांपर्यंत वाढविली आहे. ही कलमे वाचून लोक आणखी लपवू लागतील, अशी भीती आम्हांला वाटते. तरीही ती सांगणे भाग आहे.

मजुराला मालकाविरुद्ध दुसराही मार्ग आहे. कामावर असताना झालेल्या इजेची भरपाई १९२३ च्या कायद्यान्वये मिळत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. त्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. शेतकरी कुटुंबासाठी राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे : मृत्यूस दोन लाख, एक अवयव कायमचा गमावल्यास एक लाख, आणि अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आत. तीत सातबारा लागतो. भूमिहीन मजूर तिच्या बाहेर राहतो, आणि ट्रॉलीत बहुतेक वेळा तोच असतो.

उपचारखर्चाचे असेच आहे. केंद्र सरकारच्या मे २०२५ च्या योजनेत मोटार अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे विनारोकड उपचार मिळतात, पण अपघात रस्त्यावरचा असावा लागतो. फडात उलटलेला ट्रॅक्टर त्यात बसत नाही. आणि चिरडलेल्या पायाचे खरे दिवस सातव्या दिवसानंतर सुरू होतात : पुन्हा पुन्हा जखम साफ करणे, त्वचारोपण, बाहेरून बसविलेली सळ्यांची चौकट, महिनोन्‌महिने व्यायामोपचार. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यातील काही भार उचलते. त्यापलीकडे धर्मादाय रुग्णालय म्हणून आम्ही निर्धनांसाठी दहा टक्के खाटा विनामूल्य आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के सवलतीत राखतो, आणि निर्धन रुग्ण निधीतून व देणगीदारांच्या साहाय्यातून उरलेली तोंडमिळवणी होते.

आता पुन्हा त्या पहिल्या ओळीकडे. ट्रॅक्टरच्या दुखापतीची नोंद आम्ही वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, म्हणजे एम.एल.सी., म्हणून करतो आणि पोलीस ठाण्यास कळवितो. केसपेपरवर ‘घसरून पडला’ असे असेल आणि दोन महिन्यांनी दाव्यात ट्रॅक्टर आला, तर विमा कंपनीचा वकील तोच कागद न्यायाधिकरणापुढे ठेवतो. तेव्हा आमच्याकडे येऊन ‘डॉक्टर, एवढे बदलून द्या’ अशी विनवणी करणारे नातेवाईक आम्ही पाहिले आहेत. आम्ही ते बदलू शकत नाही आणि बदलणार नाही. शेतातला अपघात रस्त्यावरचा म्हणून लिहावा, अशी विनंतीही होते. तिचे उत्तरही तेच आहे. सांगणाऱ्याने जे सांगितले ते, सांगणाऱ्याच्या नावासह, सांगितले त्या वेळी लिहिले जाते. रुग्ण शुद्धीवर आल्यावर त्याने वेगळे सांगितले, तर तेही तारीख-वेळेसह स्वतंत्र नोंदविले जाते, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

अपंगत्वाच्या दाखल्याविषयीही असेच काही सांगण्याजोगे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले की अवयवाचे अपंगत्व किती टक्के आणि कमाईची हानी किती टक्के, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गमावलेला कारकून आपली नोकरी करू शकेल. चालक किंवा सुतार जवळजवळ पूर्ण कमाई गमावील. म्हणून दाखल्यासाठी येताना रुग्णाने आपण नेमके कोणते काम करीत होतो ते सांगावे, म्हणजे ऊस तोडणे, मोळी उचलणे, उकिडवे बसून खुरपणे यांतले काय आता जमत नाही हे आमचे डॉक्टर लिहू शकतात. न्यायाधिकरणापुढील दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तरी त्या भरवशावर कोणी थांबू नये. चूक कोणाची हे सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूस पाच लाख आणि गंभीर दुखापतीस अडीच लाख रुपये मागता येतात. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग आणि अल्प उत्पन्न असलेले यांना तालुका विधी सेवा समितीकडून वकील विनामूल्य मिळतो.

एम.एल.सी. क्रमांक, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले आणि एक्स-रे यांच्या प्रती रुग्णास घरी जाण्याच्या दिवशीच एका पाकिटात दिल्या जातात. ज्यांचे पाकीट हरवले असेल त्यांनी तळमजल्यावरील वैद्यकीय समाजसेवा विभागात रुग्णाचे नाव आणि दाखल झाल्याची तारीख सांगावी.